तीनपैकी दोघं

क्लिपमधल्या माणसानं शिडी चढण्याआधी दोन्ही तळवे पँटला पुसले, आणि खुशबूचा हात माउसवरच थांबला.

स्मृति नगरातल्या त्या ऑफिसात ती दिवसभर हेच काम करायची. कारखान्यांच्या कॅमेऱ्यांतले तुकडे पडद्यावर यायचे. डोक्यावर हेल्मेट आहे की नाही, कमरेला सुरक्षा पट्टा आहे की नाही, एवढं पाहून बटण दाबायचं. एकच तुकडा तिघांकडे वेगवेगळा जायचा. त्यावरून मशीन शिकणार होतं आणि पुढे कामगारांवर तेच नजर ठेवणार होतं.

क्लिपमध्ये चेहरा पुसट केलेला होता. पण तळवे पुसायची ती सवय, किंचित वाकडा पडणारा डावा पाय, आणि कोपऱ्यातली तारीख. आठ महिन्यांपूर्वीची. त्याच दिवशी तिचे वडील नागसेन कुम्हारीच्या एका कारखान्यात उंचावरून पडून वारले होते. पट्टा न लावता वर चढले, असं कारखान्यानं लिहून दिलं होतं.

तिनं क्लिप पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा. पट्टा कमरेला होता. हुक वरच्या पाइपला अडकवलेला होता. पाइपच भिंतीतून निघाला, आणि त्याच्याबरोबर ते खाली आले.

तिनं 'पट्टा आहे' दाबलं. पडद्याची कड लाल झाली. टीम लीडर अतुल तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"बाकी दोघांनी 'पट्टा नाही' दिलं आहे. तुझंच वेगळं कावून येऊन राहिलं?"

"दिसून राहिला ना, सर. हा पाहा हुक. पाइप निघाला."

"पाइपसाठी बटणच नाही. तीनपैकी दोघं म्हणतात, तेच मशीन धरते. बदल."

"सर, हे माझे बाबा आहेत."

तिच्या खुर्चीवर टेकवलेला हात अतुलनं काढून घेतला.

"मग तर तुझं उत्तर घेताच येत नाही," तो हळू म्हणाला. वाकून त्यानं स्वतःच बटण दाबलं. पुढची क्लिप सुरू झाली.

जेवणाच्या सुट्टीत तिनं दाराजवळच्या लॉकरमधून मोबाइल काढला आणि जिन्यात उभं राहून आईला फोन लावला.

"आई, बाबांनी पट्टा लावला होता. मी आत्ता पाहिलं."

आठ महिने घरी येणाऱ्या प्रत्येकाला तिची आई भीमाबाईच सांगत होती, की यांनीच हयगय केली, आता दोष कोणाला द्यायचा.

"कोनाले दाखवता येते काय ते?"

"नाही. आत मोबाइल नेऊ देत नाही. आता ती क्लिप गेली."



"पडतानी काही म्हनलं काय त्यायनं?"

"त्या क्लिपले आवाज नसते, आई."