सपाट रस्ता

खाली दुकानं, वर घरं आणि मधून फक्त पायी चालायचा रुंद रस्ता, अशी वस्ती लेकीनं आखली होती. उद्यापासून तिची अंध आई इथंच राहणार होती. "हात सोड गं. लेकीच्या रस्त्यावर कसली आलीय भीती?" म्हणत आई काठी टेकत एकटीच निघाली. लेक कौतुकानं बघत राहिली. मधोमध आई थबकली. काठी डावीकडे फिरली, उजवीकडे फिरली; कुठंच कशाला अडेना. रस्ता मोकळा दिसावा म्हणून लेकीनंच दोन्हीकडच्या उंच कडा काढून सगळी फरशी सपाट केली होती. "अगं, कडा कुठंय? मी कुठं उभी आहे?" आईनं हाक दिली. तेवढ्यात दुकानांचा माल नेण्यापुरती मुभा असलेली बिनआवाजाची बॅटरीगाडी कोपऱ्यावरून आईच्या दिशेनं वळली. "आई, बाजूला हो!" लेक किंचाळली. आईनं विचारलं, "कुठल्या बाजूला?"