मध्ये गुंड्या होता

"गुंड्या, विचार त्याला, पिंजऱ्यात पाणी ठेवलंय का," विमानतळावर खुर्चीत बसलेल्या सुमतीबाई कुत्र्याला म्हणाल्या.

"गुंड्या, सांग तिला, ठेवलंय," शेजारी उभ्या असलेल्या मुलाने उत्तर दिलं.

सांगलीचं घर विकून आईला टोरांटोला न्यायचं मुलाने परस्पर ठरवलं, तेव्हापासून मायलेकांचं बोलणं असं कुत्र्यामार्फत चाललं होतं. सुमतीबाईंना ही रीत नवी नव्हती. त्यांच्या सासूबाई चारचौघांत नवऱ्याशी कधी बोलल्या नाहीत. पाळण्यातल्या बाळाला सांगायच्या, "बाळा, पान वाढलंय म्हणावं." पण तिथे लाज असायची. इथे राग होता, आणि आता त्या रागाचाही शीण आला होता.

दोन माणसं आली आणि पिंजरा सामानाकडे घेऊन गेली. गुंड्या एकदाच भुंकला.

विमानात दोघं शेजारी बसली. सुमतीबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग सवयीने म्हणाल्या, "गुंड्या, विचार त्याला..." आणि थांबल्या. पायाशी कुणीच नव्हतं.

"विचार ना," मुलगा हळूच म्हणाला.

"तो खाली अंधारात घाबरला असेल का रे?"

"असेल. मीसुद्धा घाबरलोय, आई. तुला तिकडे नाही करमलं तर?"

सुमतीबाईंनी कमरेच्या पट्ट्याची दोन्ही टोकं त्याच्यापुढे धरली.

"ते बघू तिकडे गेल्यावर. आधी हे लावून दे. मला जमत नाहीये."