मागच्या सीटचं चलान

जरा जवळ सरका. टाळ खाली ठेवा, हात मोकळे करा. एका चुकलेल्या चलानाची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे.

कडूबाच्या पुढ्यात अर्ज होता. वाहतुकीच्या ऑफिसात पंखा घरघरत होता. टेबलापलीकडे हवालदार सुचिता बसलेली. मजकूर तिनंच सांगितला होता, शेजारच्या अविनाशनं तो लिहून काढला होता. खाली फक्त सही राहिली होती. सही झाली की चलान रद्द. पेन कडूबाच्या बोटांत होतं आणि बोटं हलत नव्हती.

चलान चुकीचंच होतं, त्यात वाद नाही. मोबाईलवर आलं, तेव्हा कडूबानं ते अविनाशला दाखवलं. दुचाकी, मागील स्वार विनाहेल्मेट, असं त्यात लिहिलेलं. अविनाशनं फोटो उघडला आणि पोट धरून हसला. म्हणाला, काका, मांगं तर सांबाराचं टोपलं हाय, पोलिसाले त्याच्यात बाई दिसली काय?

फोटो पुढून काढलेला होता. हेल्मेट घातलेला कडूबा, आणि त्याच्या खांद्यामागून उडणारा हिरवा पदर. सांबार म्हणजे कोथिंबीर. सुलतानपूरहून बीबी गावच्या बाजाराला पोचेस्तोवर उन्हानं ती मान टाकते. म्हणून लोक टोपल्याला ओलं पोतं गुंडाळतात. कडूबा ओलं लुगडं गुंडाळायचा. लुगडं सोजराबाईचं.

सोजराबाई त्याची बायको. वीस वर्षं ती त्याच सीटवर टोपलं मांडीवर घेऊन बसली. त्याला हेल्मेट घ्यायला तिनंच लावलं. म्हणायची, तुमच्या डोक्शात अभंग हायेत, ते सांडतीन. आणि तुले गं, असं विचारलं की म्हणायची, मले पदर पुरते. मागच्या आखाडात ताप आला आणि तीन दिवसांत ती गेली. पोरबाळ नव्हतं.

गावाला हे ठाऊक होतं. बाजारातल्या गिऱ्हाईक बायांना नव्हतं. त्या विचारायच्या, आज बाई नाही आल्या? कडूबा जुडी पुढं करायचा आणि म्हणायचा, येऊन राह्यली मांगून. वर्ष होत आलं होतं, सोजराबाई मागून येतच होती. बाया मग जुडीत दोन काड्या जास्त मागायच्या, सोजराबाई घालायची तशा. तो द्यायचा.

कडूबा सप्त्यातला टाळकरी. कीर्तनात बसलात तर तुम्हाला ठाऊकच आहे. बुवा पुढं उभा राहून चरण म्हणतो आणि मागचे तो उचलून धरतात. मागून कोणी उचललाच नाही, तर कितीही गोड गळ्याचा चरण असो, अर्ध्यात लोंबकळतो. कडूबाच्या घरात तसं झालं होतं. चहा मांडताना तो म्हणायचा, साखर संपत आली. ते बोलणं तसंच चुलीपाशी पडून राहायचं.

आणि आता पुढ्यातल्या कागदावर लिहिलं होतं: माझ्या मागे कोणीही बसलेले नव्हते. मी एकटाच होतो.

अविनाश घाई करत होता. चूक त्यांची हाय, तुम्ही काऊन भिता, असं दोनदा म्हणून झालं. सुचितानंही समजावलं. चूक आमचीच आहे, गर्दीत फोटो घेतला, पदर दिसला आणि नोंद झाली. सही करा, विषय मिटला.

कडूबानं फोटो पुन्हा एकदा पाहिला. मग पेन खाली ठेवलं आणि अर्ज हळूच टेबलावरून परत सरकवला. दंड भरतो म्हणाला. अविनाशनं कपाळाला हात लावला. सुचितानं विचारलं, न केलेल्या गुन्ह्याचा दंड कशाला भरता?

"मॅडम, ते लुगडं माह्या सोजराचं हाय. आखाडात गेली ती," कडूबा म्हणाला. "इतके दिवस ती मांगं हाय असं मी एकटाच म्हणत होतो. आता तुमच्या मशिनीलेही दिसली. मी सही करून नाही कसं म्हणू?"

सोजरा गेली, हे वाक्य त्यानं पहिल्यांदाच कोणापुढं तोंडातून काढलं होतं.

सुचितानं अर्जाची चौपदरी घडी केली आणि खणात टाकली. दंड घेतला, पावती दिली. अविनाश पुटपुटत गाडी काढायला बाहेर गेला. कडूबानं पावती हेल्मेटच्या अस्तरात खोचली आणि दाराशी पोचला.

"आजोबा."

तो थांबला.

"पुढच्या बाजारी आजीले हेल्मेट घालून आणा. पुन्हा उघड्या डोक्यानं दिसल्या, तर पुन्हा चलान फाडीन."

तिचा चेहरा कडकच होता. कडूबा दाराची चौकट धरून उभा राहिला. आवाज मागून आला होता. कोणीतरी चरण उचलला होता.

तर मंडळी, सुलतानपूर–बीबी रस्त्यानं कधी गेलात आणि पुढं एखादी दुचाकी दिसली, मागच्या सीटवर हिरवं ओलं लुगडं आणि टोपल्याला घट्ट बांधलेलं नवं लाल हेल्मेट, तर हॉर्न वाजवू नका. जवळून जाताना रामकृष्णहरी म्हणा. पण दोनदा म्हणा. एकदा कडूबासाठी. दुसऱ्यांदा सोजराबाईला आठवून.