एम्लिनचा उजवा पाय

"आता डोळे मिटा. स्पर्श झाला की नुसतं 'हो' म्हणायचं," नेरिस म्हणाली.

"माहीत आहे गं. आता तर झोपेतसुद्धा 'हो' म्हणतो मी." एम्लिनने पाय लांब केले आणि डोळे मिटून घेतले.

नेरिसची ही शेवटच्या वर्षाची शेवटची परीक्षा. रुग्ण खराखुरा, वेळ चाळीस मिनिटं आणि कोपऱ्यात परीक्षक मिसेस रोलंड्स. मे महिन्यात ती याच परीक्षेत नापास झाली होती. चुकलं काहीच नव्हतं, फक्त वेळ पुरला नव्हता. आता ही दुसरी संधी, आणि तिसरी कुणालाच मिळत नाही. बुटांच्या दुकानातली अठरा वर्षांची नोकरी सोडून बाई त्रेचाळिसाव्या वर्षी पायांची डॉक्टरकी शिकायला निघालेली. कार्नार्व्हनच्या दवाखान्यात जागाही ठरली होती. निकाल लागायचीच काय ती खोटी!

नशीब चांगलं म्हणून रुग्ण एम्लिन निघाला. बांगोरच्या बसवर ड्रायव्हर होता तो. वय अठ्ठ्याहत्तर, मधुमेह वीस वर्षांचा. विद्यार्थ्यांना हात बसवायला पाय हवेत, म्हणून दर आठवड्याला विद्यापीठाच्या दवाखान्यात हजर. पहिल्या वर्षी नेरिस याच उजव्या पायाचा घट्टा तासत होती. पातं सटकलं, भळाभळा रक्त आलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. उद्यापासून आपलं दुकान बरं, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं. पण एम्लिनने वर्तमानपत्रातल्या रग्बीच्या पानावरून नजरसुद्धा उचलली नाही. "कसलं रक्त? मला काही कळलंसुद्धा नाही," तो म्हणाला.

काय मोठ्या मनाचा माणूस! त्या एका खोट्यावर तिने तीन वर्षं काढली. दर नाताळात ती त्याला स्वतः विणलेले मोजे द्यायची. मोज्यांनी असले उपकार फिटतात थोडेच.

मधुमेहाने पायाची जाणीव गेली नाही ना हे बघायला, पेनासारख्या दांडीला लावलेला नायलॉनचा तंतू तिने त्याच्या अंगठ्याला टेकवला. "हो." टाचेला टेकवला. "हो." बोटांखालच्या उंचवट्याला. "हो." जुन्या कागदांवरही हेच होतं. गेल्या तीन वर्षांतल्या विद्यार्थ्यांनी लिहिलं होतं, 'स्पर्श उत्तम', आणि खाली शिक्षकांच्या सह्या. फक्त उजव्या तळव्यावर वाटाण्याएवढा एक लालभडक गोल दिसत होता.

"हे दुखतंय?"

"काय दुखतंय? छे!"

नऊ मिनिटं उरली होती. नाडी बघायची होती, निष्कर्ष सांगायचे होते. ती तंतू खाली ठेवणार, इतक्यात तिचं लक्ष पुन्हा त्या लाल गोलाकडे गेलं आणि हात हवेतच राहिला.

"हो," एम्लिन म्हणाला.

तिने स्पर्श केलाच नव्हता. ती थांबली.

"हो," तो पुन्हा म्हणाला. बस ठरल्या वेळी थांब्यावर यावी, तसा ठरल्या वेळी.

सगळी तपासणी पहिल्यापासून करायची, तर वेळ जाणार. मे महिना तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. हे कागद असेच पुढे सरकवले असते तर कुणाला काय कळणार होतं? तिने घड्याळाकडे पाहिलं आणि मग कोपऱ्याकडे.

"मॅडम, मला ही तपासणी परत करायचीय. वेळ जाईल."

मिसेस रोलंड्सनी मान वर केली नाही. "घड्याळ बघायला मी आहे. तू पाय बघ."

हा धीर होता की दम, तिला कळेना. तिने तंतू पुन्हा उचलला. या वेळी तिने तालच मोडला. एक स्पर्श सावकाश, दोन झटपट, मध्ये नुसतीच शांतता. एम्लिनची सगळी 'हो' भलत्याच ठिकाणी पडू लागली. डाव्या पायाचं निम्मं तरी बरोबर आलं. उजव्या तळव्यावर एकही नाही.

मग दुकानातली जुनी सवय जागी झाली. तिने त्याचा उजवा बूट उचलला, आत हात घातला, उलटा करून ठोकला. टुणकन एक चकती फरशीवर पडली.

"अरेच्चा! माझ्या कानाच्या मशीनची नवी बॅटरी!" एम्लिनने डोळे उघडले. "रविवारपासून घर पालथं घातलंय मी!"

तो खो खो हसला. दुसरं कुणीच हसलं नाही. आज शुक्रवार होता. पाच दिवस तो त्या बॅटरीवर चालत होता. हळूहळू त्याचंही हसू ओसरलं.

नेरिसने कागदावर लिहिलं, 'उजवा तळवा, स्पर्श नाही.' नाड्या बघितल्या, निष्कर्ष सांगितले, आणि आजच्या आज मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायला हवं म्हणून सांगितलं. मिसेस रोलंड्स उठल्या. त्यांनी तो लाल गोल वाकून नीट पाहिला. कातडी अजून फुटली नव्हती.

"चार मिनिटं जास्त घेतलीस," त्या म्हणाल्या. "ती मी दिली. पास." आणि फोन करायला बाहेर गेल्या.

नेरिस मटकन स्टुलावर बसली. एम्लिनचा पाय तिच्या मांडीवरच होता. "अहो, सगळ्यांना हो हो काय म्हणत बसलात? पाय गेला असता ना!"

"'नाही' म्हटलं की पोरांची तोंडं उतरतात गं," तो ओशाळून म्हणाला. "आणि आज तर तुझी परीक्षा. तू पास व्हावीस म्हणून बोललो खोटं. पण पाय वाचवलास बघ माझा. देव तुझं भलं करो."

"माझं भलं तुम्ही कधीच केलंय." तिचे डोळे भरून आले. "पातं लागलं त्या दिवशीही माझ्यासाठी खोटंच बोललात. नाहीतर मी आज इथे नसते."

"नाही गं पोरी," तो हळूच म्हणाला. "त्या दिवशी मला खरंच काही कळलं नव्हतं."