मास्तरांची मांडणी

मांडणीवरची माशांची शेवटची टाकी नवरा-बायकोने मिळून उतरवली, मासे बादल्यांत गेले, आणि तेव्हा कुठे ती म्हणाली, "काढा आता." एवढं बोलून ती स्वयंपाकघरात निघून गेली.

या दोन शब्दांसाठी फिटर वर्षभर ताटकळला होता. लग्न झाल्या दिवसापासून ती मांडणी त्याच्या डोळ्यांत खुपत होती. गोदामांत मालाच्या मांडण्या उभ्या करणं हा त्याचा धंदा. टनावारी माल त्याच्या भरवशावर उभा असायचा. आणि त्याच्याच घरात माशांच्या चार टाक्या ज्या मांडणीवर होत्या, तिला बोट लावायची त्याला सोय नव्हती. मधली फळी वाकून पोट सुटल्यासारखी दिसत होती. "एक दिवस सगळं पाणी अंगावर येईल," असं तो म्हणाला, की बायको शांतपणे म्हणायची, "राहू द्या. ती त्यांनी केलेली आहे."

ते म्हणजे मास्तर, तिचे पहिले नवरे. शाळेत इतिहास शिकवायचे. आजारपणात गेले. त्यांचं नाव निघालं की गल्लीतला भांडकुदळ माणूससुद्धा आवाज खाली आणायचा. मेलेल्या माणसाशी बरोबरी करण्याइतका आतबट्ट्याचा व्यवहार दुसरा नाही. तो घोरत नाही, म्हातारा होत नाही, ओला टॉवेल पलंगावर टाकत नाही. फिटर मास्तरांवर जळायचा. माशांवरही जळायचा, कारण तेही मास्तरांचेच. ती टाक्यांपुढे उभी राहून खाणं टाकायची, तेव्हा त्याला आपण या घरात भाडेकरू आहोत असं वाटायचं.

आज सकाळी फळी कर्रकन वाजली आणि तिचा नाइलाज झाला. नव्या मांडणीचं लाकूड फिटरने लगेच कापून दाराशी रचलं. मास्तरांच्या लाकडाच्या दुप्पट जाड. जाडी त्याने मुद्दामच तशी घेतली होती.

तो जमिनीवर बसला, मांडणीखालचा पडदा बाजूला केला आणि वाकून आत पाहू लागला.

आधी त्याला खरंच वाटेना. फळ्या पायांवर टेकलेल्याच नव्हत्या. पायांच्या अंगाला लावून नुसते स्क्रू मारले होते. म्हणजे पाण्याचा सगळा भार त्या बोटभर स्क्रूंवर लोंबकळत होता. मागून तिरपी पट्टी नाही. एक पाय आखूड, त्याखाली घडी केलेला पुठ्ठा. निम्मे स्क्रू वाकडे. काही ठिकाणी तर दोन-तीन भोकं फुकट घालवून शेवटी एक जमलं होतं. आणि अगदी खाली, पडद्याआड, विटांची एक थप्पी फळीला टेकू देऊन उभी होती. मांडणी आजवर पडली नाही, ती त्या विटांच्या कृपेने.

फिटर हसला. मनातल्या मनात नाही, चांगला खो खो हसला. वर्षभराची मळमळ बाहेर पडली. हेच का ते मास्तर? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. आता बायकोला बोलवायचं आणि एकेक स्क्रू दाखवायचा. "ये, बघ तुझ्या मास्तरांची करामत." वाक्य तयार होतं. हसता हसताच हाक मारायला तो उठू लागला आणि आधारासाठी त्याने मधल्या फळीची कड धरली.

कड गुळगुळीत होती. त्याने पुन्हा हात फिरवला. पुढचे दोन्ही कोपरे गोल केले होते आणि पॉलिशपेपरने इतके घासले होते, की बोट अडकू नये. सगळ्या मांडणीत नेटकं असं हे एवढंच काम. खोली अरुंद, पलंग आणि मांडणी यांच्यामधून बायकोला दिवसभर ये-जा करावी लागे, आणि ते कोपरे बरोबर तिच्या कमरेशी यायचे. फिटरने नव्या मांडणीसाठी पाण्याचं वजन काढलं होतं, जमीन सपाट आहे का पाहिलं होतं, भिंतीत पकड कुठे घ्यायची तेही ठरवलं होतं. बायकोची कंबर त्याच्या ध्यानीमनीही नव्हती.

त्याचं हसू तिथेच थांबलं. आता त्याला खरा हेवा वाटला. आजवरचा तो नुसता राग होता. हाताला फोड येईपर्यंत लाकूड घासत बसलेला, साधा स्क्रूही धड न जमणारा एक माणूस त्याला पहिल्यांदाच दिसला, आणि त्या माणसाशी भांडायचं कसं ते त्याला कळेना.

ती हात पुसत बाहेर आली. "कशी आहे आतून?"

"दणकट," तो म्हणाला. "लाकूड तेवढं पाण्याने गेलंय. माझ्या हातून एवढं काम होईल का, शंकाच आहे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "त्यांना साधा खिळा सरळ ठोकता यायचा नाही. त्या विटा मी सरकवल्यात, त्यांच्या नकळत."

फिटरने पुन्हा वाकून विटांकडे पाहिलं. "मग वर्षभर मला हात का लावू दिला नाहीस?"

"सगळी गल्ली त्यांना देवमाणूस म्हणते. हे बघून कुणी त्यांना हसलं असतं, तर मला सोसलं नसतं. आणि तुम्ही तर त्यातले जाणकार. तुमचीच भीती जास्त."

फिटरने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"हो, हसलात तुम्ही. ऐकलं मी." तिने मधल्या फळीचं एक टोक धरलं आणि दुसरं धरायला त्याला मानेनेच खुणावलं. "मग मध्येच थांबलात. तेही ऐकलं."