देवमाशांसाठी क्लॅरिनेट

ताप उतरल्यावर ज्युलियाना घोन्साल्विस क्लॅरिनेट घेऊन डेकवर आली. वसईची ही बाई अकरा वर्षं पर्यटकांच्या जहाजांवर वाजवत होती. आधी जेवायला बसलेल्या प्रवाशांसाठी, आणि देवमाशांची भाषा उलगडल्यापासून त्यांच्यासाठी. त्यांनी वाट दिल्याशिवाय जहाज पुढे न्यायला आता बंदी होती.

“कालपासून तुमचं रेकॉर्डिंग लावतोय, बाई,” कॅप्टन धुरी काकुळतीला येऊन म्हणाले. “एकही जागचा हलत नाही.”

तिने पाण्याखालचा स्पीकर चालू केला आणि वसईच्या लग्नांत वाजते ती चाल धरली. दम पुरेना. दोनदा सूर चिरकला. तरी समोरची काळी पाठ हळूच बाजूला सरकली, तिच्यामागून दुसरी, मग सगळा कळप.

तेवढ्यात दुभाषा यंत्र बोलू लागलं. कळपातली सर्वांत म्हातारी मादी विचारत होती, “काल तू नव्हतीस. बरं नव्हतं का?”

प्रवासी दर आठवड्याला बदलायचे. इतक्या वर्षांत तिला असं कुणी विचारलं नव्हतं.

“ताप होता गं,” ज्युलियाना कठड्यावरून वाकून म्हणाली. “आता बरी आहे.”

वाट केव्हाच मोकळी झाली होती. कॅप्टनला हातानेच थांबायला सांगून तिने आणखी एक गाणं वाजवलं, अगदी सावकाश.