पान लागलंय

"आत्या, हाताला पान लागलंय. सगळा हात लाल झालाय, काही केल्या जात नाही," एवढं सोनिया बोलली आणि फोनची रेंज गेली.

बानूबाई उभ्या जागी गार पडली. मुळशी धरणावरच्या त्यांच्या वाडीत सापाचं नाव कुणी तोंडातून काढत नाही. साप चावला असं म्हणायचं नाही, पान लागलं म्हणायचं. आणि सुनेला शेरडं देऊन एकटीला डोंगराला पाठवलं होतं ते बानूबाईनंच. भोसरीत वाढलेल्या पोरीला चार शेरडं वळता येईनात, असा सकाळी टोमणाही मारला होता.

वाटेत तिनं दिराच्या मुलाला, माउलीला हाक घातली. पिकअप त्याच्याकडे. "माउली, गाडी काढ रं! सोनियाला पान लागलंय!" तो काय म्हणाला ते ऐकायला ती थांबली नाही. एरवी गुडघ्यांच्या नावानं बोटं मोडणारी बाई तो चढ धावत चढली. तोंडानं एकच चाललं होतं, बिरोबा, एवढ्या बारीला पोरीला सोड.

सोनिया एका सागाखाली बसली होती. शेजारी जेवणाचा डबा, आणि उजवा हात मनगटापर्यंत लालभडक.

"अहो आत्या, तुम्ही कशाला एवढ्या..."

"गप! बोलू नगंस. बोललं की अंगात चढतं."

बानूबाईनं कमरेला खोचलेलं दावं काढलं आणि सुनेच्या दंडाला करकचून आवळलं. सासूनं गप म्हटलं की गप बसायचं, एवढं मात्र सोनिया सासरी येऊन चांगलं शिकली होती. ती गप बसली.

दाताच्या खुणा शोधायच्या तर आधी हात धुवायला हवा. बानूबाईनं बाटलीतलं पाणी ओतलं, माती लावून घासलं, पदरानं पुसलं. लाल होतं तसंच. रक्त असं चिकटून बसतं होय? तिचा धीर सुटायला लागला. डब्यात लिंबाच्या लोणच्याची फोड उरली होती, तीच घेऊन ती तळहात चोळायला लागली.

"आई गं! झोंबतंय!"

"झोंबतंय? झोंबू दे, लई बरं हाय. जीव हाय अजून हातात." बानूबाईनं डब्यातली हिरवी मिरची उचलून तिच्या तोंडात कोंबली. विष भिनलं की मिरची गोड लागते, असं जुनी माणसं सांगायची. "चाव. तिखट लागतीया का गोड?"

"तिखट!" सोनियाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"जनावर बघितलंस का?"

"हो."

"कसं हुतं?"

"काळं ना? ते त्या करवंदीच्या जाळीत शिरलंय. मी किती हाकललं, बाहेरच येत नाही."

काळं. बानूबाईनं दंडाच्या दाव्याला आणखी एक गाठ मारली. आता सिद्धनाथला, आपल्या लेकाला, काय तोंड दाखवायचं?

"बाकीची इथंच आहेत," सोनिया म्हणाली.

बानूबाई ताडकन उठली आणि पायाखाली बघायला लागली. "बाकीची?"

सोनियानं डाव्या हातानं उताराकडे दाखवलं. शेरडं निवांत चरत होती. तेवढ्यात करवंदीतून एक काळं करडू बाहेर आलं आणि आईला बघून बें बें करत पळालं.

बानूबाई करडाकडे बघत राहिली. मग सुनेकडे वळली.

"पोरी, तुला लागलंय तरी काय?"

"पान. ह्या सागाचं. जेवून कोवळ्या पानांना हात पुसले तर हे असं झालं. डाग कशानं जातो, एवढंच विचारायला फोन केला होता."

बानूबाई मटकन खाली बसली. आधी तिनं सुनेला एक सणसणीत शिवी हासडली. मग तिचं डोकं ओढून छातीशी धरलं आणि रडता रडता हसायलाच लागली. लेकाच्या जन्माच्या वेळीसुद्धा तिला एवढं सुटल्यासारखं वाटलं नव्हतं.

खालच्या रस्त्यावर माउलीच्या गाडीचा हॉर्न वाजला. बानूबाईनं उभं राहून आरोळी ठोकली, "माउली, काय न्हाई रं! नुसतं पान हाय, पान!"

"व्हय काकू, तेच म्हंतोय! आलो, आलो!" गाडीतून उडी टाकून माउली चढाकडे पळत सुटला.

"आरं सागाचं! सागाचं पान!"

सोनियाला हसू आवरेना. बानूबाईनं तिच्या दंडाचं दावं सोडलं, वळ उठला होता तिथं हलक्या हातानं चोळलं. मग डब्याच्या तळाचं लोणच्याचं तेल बोटावर घेतलं आणि एकेक बोट नीट पुसायला बसली. तेलानं लाल हळूहळू सुटत होतं. सगळं नाही, पण खालची कातडी दिसायला लागली होती.

"आत्या," सोनिया जरा वेळानं म्हणाली, "पण खरंच साप चावला, तर फोनवर काय म्हणायचं?"

ते नाव ऐकून बानूबाईचा हात थबकला. मग परत चालू झाला.

"तवा काय बी म्हणू नगंस. नुसती हाक मार. मी येतीया."